थुंकी नाही, बेडका

फराळाचं ताट समोर असेल तर हा लेख जरा बाजूला ठेवा. चिवडा संपवा, हात धुवा, मग या. संपादकांचा फोन आला की 'नोकरीतले अनुभव लिहा', तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, की साहेब, माझी सगळी नोकरी लोकांच्या बेडक्यात गेली, ते दिवाळी अंकात शोभेल का? ते हसले आणि म्हणाले, लिहा तुम्ही. आता तुमचं तुम्ही बघा.

मी लॅब टेक्निशियन. सुरुवातीची काही वर्षं राजुऱ्याला आणि नंतरची सगळी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. रक्त, लघवी सगळंच तपासायचो, पण मुख्य काम टीबीच्या संशयितांचा बेडका तपासण्याचं. आता निवृत्त होऊन ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये असतो. सकाळी गॅलरीत चहा घेत बसलो की खालून वीज प्लांटच्या बसा जातात, ड्यूटीवरची माणसं जातात, त्यातलं कोणी खोकलं की माझा कान उभा राहतो. कोरडा आहे की ओला, घशातला आहे की खालून आलेला. सून म्हणते, "बाबा, रिटायर झालात न आता?" झालो बाई, पण कान कुठं रिटायर होतात?

काम तसं साधं. पेशंटला एक प्लास्टिकची डबी द्यायची. तोंड धुवायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, दाबून धरायचा आणि मग अगदी बेंबीपासून खोकून जे येईल ते डबीत टाकायचं. एक नमुना लगेच, एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या. त्यातला पिवळट, घट्ट भाग काडीनं घ्यायचा, काचेवर पसरायचा, वाळवायचा. मग लाल रंग टाकून खालून स्पिरिटच्या दिव्याची धग द्यायची, अॅसिडनं धुवायचं, वरून निळा रंग. सगळं निळं होतं, फक्त टीबीचा जंतू तेवढा लाल राहतो. हट्टी जात, एकदा लागलेला रंग सोडत नाही. निळ्यावर बारीक लाल काडी दिसली की पॉझिटिव्ह. शंभर ठिकाणी काच सरकवून बघायचं आणि एकही दिसली नाही तर निगेटिव्ह. एवढीच विद्या, पण डोळ्यांचं पाणी होतं.

बेडका बघून मी माणूस कुठला ते सांगायचो, ही बढाई समजा हवं तर. राजुऱ्याला होतो तेव्हा कोळशाच्या खाणीवरच्या माणसाच्या डबीत काळी छटा असायची. इकडे आल्यावर सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडं जाणाऱ्या रस्त्यावरची तांबडी धूळ दिसू लागली. ती धूळ की रक्त, हे ठरवताना पहिल्या वर्षी माझी भंबेरी उडाली होती. एक माडिया आदिवासी म्हातारबुवा पळसाच्या पानांत गुंडाळून, वर दोरी बांधून डबी घेऊन यायचे. जंगलातून दोन दिवस चालत आणलेली, पण एक थेंब सांडलेला नसायचा. "जोहार" म्हणून दोन्ही हातांनी पुढं करायचे. इतक्या मानानं मला आजवर कोणी काही दिलेलं नाही.

आणि एक महाभाग तर असा, की त्याला कामावर लागायला 'टीबी नाही' असा कागद पाहिजे होता. स्वतःचा खोकला लपेना, म्हणून त्यानं शेजाऱ्याला चहा पाजून त्याचा बेडका स्वतःच्या नावानं आणला. काचेवर लाल काड्यांची जत्रा! बोलावलं तर गडी ओरडायलाच लागला, "असं कसं होईन? तो तं एकदम धडधाकट हाय!" मग जीभ चावली. शेजाऱ्याला औषध सुरू झालं, आणि ह्याचा खरा नमुना घेतला तर हा साफ. बिडीचा खोकला होता. शेजारी पुढं त्याला देवमाणूस मानायचा.

असे किस्से सांगत बसलो तर अंक भरेल. पण मला सांगायचं आहे ते वनिताचं. इतकी वर्षं घरातही धड सांगितलेलं नाही.

आधी माझ्या तोऱ्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या काचा फेकायच्या नसतात. दर महिन्याला जिल्ह्याचा माणूस येतो, त्यातल्या काही उचलून नेतो आणि तिथं दुसरा टेक्निशियन त्या पुन्हा बघतो. माझी एकही काच कधी चुकीची निघाली नाही. मी हे ज्याला त्याला ऐकवायचो. चहावाल्यालासुद्धा.

वनिता पहिल्यांदा आली ती उन्हाळ्यात. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल, वैनगंगेकाठच्या एका धानाच्या गावातली. सोबत सासरा, डोमाजीभाऊ. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला तो तिकडंच मजुरीला राहिलेला, सासू वारलेली, म्हणून सुनेला दवाखान्यात आणणारा सासराच. पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. होळीपासून खोकला, संध्याकाळची कणकण, आणि अंगावरचं मांस उतरत चाललेलं. डबी घ्यायला तिनं हात खिडकीपर्यंत वर केला तर बांगड्या सरकत पार कोपरापर्यंत गेल्या. मी ते पाहिलं. पाहिलं हे मुद्दाम लिहितो.

मी रोजच्यासारखं खिडकीतून ओरडलो, "थुंकी आणा डबीत. तिकडं झाडाखाली जा."

ती कडुनिंबाखाली गेली आणि मागोमाग डोमाजीभाऊ बाटली घेऊन. माणूस इतका जीव लावणारा, की सुनेला चक्कर येईल म्हणून दोन हातांच्या अंतरावर उभा. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तोंड फिरवलं, आणि आवाज न करता हळूच डबीत थुंकली. मी खिडकीतून बघत होतो. डबी आली. आत पांढरा फेस, पाण्यासारखा. लाळ.

आता इथं थांबून आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. झाडीपट्टीतली, म्हणजे आमच्या धानाच्या मुलखातली, सून सासऱ्यापुढं मोठ्यानं बोलत नाही, तिथं खाकरणार कशी? खाकरणं हे पुरुषाचं. घरात शिरताना सासरा बाहेरून खाकरतो, म्हणजे आतल्या सुनेनं पदर सावरावा. त्या आवाजावर तिचा हक्कच नाही. आणि समोर खिडकीत मी, आणखी एक बाप्या. त्या बाईनं बेंबीपासून खोकायचं तरी कोणापुढं? हे मला समजत नव्हतं असं नाही. मी ब्रह्मपुरीकडचा, माझ्या घरातही हेच बघत वाढलो.

नियम असा, की नमुना लाळेचा असेल तर फॉर्मवर तसं लिहायचं आणि पेशंटला समजावून पुन्हा घ्यायचा. नोकरीच्या सुरुवातीला मी लिहायचो. पण तो शेरा कोणी वाचायचं नाही, म्हणून हळूहळू सोडून दिलं. त्या दिवशी खिडकीपुढं रांग होती, आणि डोमाजीभाऊ म्हणाले, "भाऊ, दोनची बस सुटून राह्यली, जमते का पाहा." मी म्हटलं, जमते. लाळेची काच केली. शंभर ठिकाणी इमानदारीनं बघितलं. एकही लाल काडी नव्हती. निगेटिव्ह लिहिलं आणि झोकात सही केली.

दुसऱ्या सकाळची डबी एसटीतून आली, तीही तशीच. डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या साध्या गोळ्या दिल्या. महिनाभरानं ती पुन्हा आली, पुन्हा कडुनिंब, पुन्हा बाटली, पुन्हा फेस. पावसाच्या तोंडाला तिसऱ्यांदा. तीन वेळा निगेटिव्ह, तिन्हींवर माझी सही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'छातीचा एक्स-रे' लिहिलं होतं, पण आमचं मशीन बंद, म्हणजे दोन बसा बदलून जिल्ह्याला जायचं. डोमाजीभाऊ चिठ्ठी घेऊन माझ्याच खिडकीशी आले. "भाऊ, हे फोटो कायले पायजे? निगेटी आलं न?"

मी म्हणालो, "निगेटी तं आलं बा."

तेवढंच बोललो मी. आणि त्या माणसाला तेवढंच ऐकायचं होतं.

पुढं ते डॉक्टर बदलून गेले आणि नव्या डॉक्टरबाई आल्या. साताऱ्याकडच्या, वय माझ्या मुलीएवढं, पायात स्पोर्टचे बूट. आल्या आल्या त्यांनी जुने कागद काढले. तीन-तीनदा निगेटिव्ह येऊनही खोकला न थांबलेले कोण कोण, ते वेगळे काढले, आणि वनिताचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या.

"भाऊ, हा नमुना कसा होता?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, माझी काच पुन्हा बघा. जिल्ह्याला विचारा माझ्याबद्दल."

त्यांनी खरंच डब्यातून काच काढली आणि मायक्रोस्कोपवर बसल्या. बराच वेळ बघितलं. मी मागं हाताची घडी घालून उभा.

"काच अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रंगही सुरेख चढलाय. पण यात सगळ्या गालाच्या आतल्या पेशी आहेत, भाऊ. फुप्फुसातलं यात काहीच नाही. तुम्ही तिचं तोंड तपासलंत."

चिडून बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. मी फटकळ माणूस, भांडायला मला आवडतं. पण त्या साध्या आवाजात बोलल्या, आणि मला भांडायला जागाच उरली नाही. त्या पुढं म्हणाल्या, "ती आता येतच नाही. आशाताई सांगत होत्या, सासरा कागद दाखवतो आणि परत पाठवतो. कोणी तरी जायला हवं."

मी म्हटलं, मी जातो.

धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळीच गाडीला किक मारली, डब्या पिशवीत घेतल्या आणि गावात पोचलो. आशाताई, म्हणजे गावातलं आरोग्याचं काम बघणारी बाई, वाट पाहतच होत्या. त्यांनी रस्त्यातच सगळं सांगितलं. गावात कुजबुज सुरू झालेली, की डोमाजीच्या सुनेला टीबी आहे. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांची टोळी तिला यंदा घ्यायला तयार नव्हती. बोरिंगवर तिच्या गुंडाला, म्हणजे घागरीला, आपला गुंड लागू देत नव्हत्या. तेव्हा डोमाजीभाऊंनी माझे तीन कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि घरोघरी दाखवले. "हे पाहा सरकारी कागद. माह्या सुनेले काई नाई. तीन खेपा निगेटी." त्या कागदांच्या जोरावर त्यांनी तिला टोळीत परत घ्यायला लावलं, सुनेची इज्जत राखली होती. आणि त्याच कागदांच्या आड ती झिजत होती.

ती ओसरीच्या कोपऱ्यात बसलेली दिसली. ओळखलं ते बांगड्यांवरून, म्हणजे हातात बांगड्या उरल्याच नव्हत्या. सरकून पडतात म्हणून काढून ठेवलेल्या.

डोमाजीभाऊंनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि मी विषय काढल्याबरोबर खिशातून पिशवी काढली.

"हे पाहा भाऊ. हे सही कोनाची? तुमचीच न? तीन खेपा तुमीच लिवलं, नाई म्हणून. आता म्हणता जिल्ह्याले चाला, फोटो काढा. फोटो काढाले गेलो का गावात बोंब. मंग पोरीले कोन जवळ करन? तिच्या मायबापानं मले पोरगी देली, मी तिले असं वाऱ्यावर सोडू?"

मला सोपं होतं हो. डॉक्टरवर ढकलता आलं असतं, मशीनवर ढकलता आलं असतं, तिच्यावरसुद्धा, की बाईनं नीट नमुना दिला नाही. जिभेवर आलंही होतं.

"भाऊ," मी म्हणालो, "हे कागद मले वापस द्या. याच्यावर मी 'नाई' लिवलं, ते चुकलं माहं. 'दिसलं नाई' असं लिवाले पायजे होतं. आन् दिसन कसं? तिनं थुंकी देली, बेडका नाई. डबी उघडली तवाच मले समजलं होतं. तिन्ही खेपा समजलं होतं."

"समजलं होतं तं बोलले काऊन नाई?"

"तुमची बस सुटून राह्यली होती."

"बस तं रोजच सुटते, भाऊ."

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले. पुढं कितीतरी दिवस कानात ते वाक्य होतं, आजही आहे. ओसरीच्या कोपऱ्यातून ती आमच्याकडे टक लावून बघत होती. आपल्याबद्दल कोणी तरी पहिल्यांदा खरं बोलतंय हे तिला कळलं असावं.

मग मी उठलो. म्हटलं, "डोमाजीभाऊ, धान कसं काय हाय यंदा? बांध्या दाखवा मले." त्यांना काही कळेना, की हा माणूस आता बांध्या, धानाची खाचरं काय बघतो. पण पाहुणा म्हणतोय म्हणून निघाले. जाताना मी आशाताईंना खुणावलं आणि डबी दिली. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की तिला मागं सांदवाडीत, परसात न्या, जवळ कोणी बाप्या नको, आणि थुंकी हा शब्द तोंडातून काढू नका. बेडका म्हणा. अगदी पोटातून.

आम्ही धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून चालत होतो. धान कमरेएवढं, वरून हिरवं-पिवळं. एका बांधीशी डोमाजीभाऊ थांबले. "इथीच रोवण्याचं गाणं उचले माही सून. ते एक ओळ म्हणे, मंग बाकी बाया. तिचा आवाज तिकडं नाल्यापल्याड जाये. मी बैलं धुवाले नाल्यावर राहो, तं मले आयकू ये. यंदा नाई म्हणलं. मले वाटलं, घरवाला गेला तेलंगनात म्हणून उदास असन."

आणि तेवढ्यात घराच्या बाजूनं आवाज आला.

पहिल्यांदा बारीक. मग आशाताईंचा, "अजून! अजून, पोटातून काढ वं!" आणि मग एक असं खाकरणं, की धानावरच्या चिमण्या उडाल्या. खोल, फाटलेलं, ओलं. पुन्हा एकदा. पुन्हा. सहा महिने आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. मी बेडक्यात आयुष्य घालवलेला माणूस, माझ्या अंगावर काटा आला.

डोमाजीभाऊ घराकडे पाठ करून जागच्या जागी उभे राहिले. सुनेचं ऐकू नये म्हणून त्यांनी दुपट्टा कानावर ओढला, आणि मग हळूच काढला.

"हे माही सून होय?" ते म्हणाले.

"हो."

"एवढं होतं पोरीच्या आत? आन् मी बाटली घेऊन बाजूले उभा राहो." त्यांचे डोळे भरून आले. "मी लय जपतो म्हणून मिरवलो, भाऊ. मीच उभा होतो मंधात."

मी म्हणालो, "आपण दोघंबी उभे होतो."

डबी घेऊन मी गाडी अशी हाणली, की विचारू नका. नमुना पहिल्या दर्जाचा. काच केली, रंग चढवला, बसलो. आता मला लाल काडी पाहिजे होती. कोणाला टीबी निघावा म्हणून नवस करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, मी त्या दिवशी तो होतो. शंभर ठिकाणं झाली. काही नाही. दोनशे, तीनशे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळं निळंच निळं.

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. "नाही?" त्यांनी विचारलं.

"दिसलं नाही," मी म्हटलं. हा शब्द तेव्हापासून माझा झाला.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून सांगतो. बेडका चांगला असला तरी मायक्रोस्कोपमध्ये जंतू दिसायला ते त्या चमचाभर बेडक्यात हजारोंनी असावे लागतात. कमी असले तर ते आहेत, आणि तरी आपल्याला दिसत नाहीत. काचेचा दोष नाही, डोळ्याचा नाही. आपल्या नजरेला हद्द आहे, एवढंच. मी इतकी वर्षं ती हद्द म्हणजेच जग समजून सही करत होतो. अशा वेळी डॉक्टरनं खोकला, वजन, ताप बघायचा, छातीचा फोटो बघायचा, उरलेला बेडका मोठ्या मशीनला पाठवायचा, आणि सगळं एकत्र मांडून स्वतः ठरवायचं. नुसत्या माझ्या कागदावर ठरवायचं नाही.

उरलेला नमुना बर्फाच्या डब्यात घालून जिल्ह्याला सीबीनॅटच्या मशीनकडे गेला. ते मशीन जंतू डोळ्यानं बघत नाही, त्याच्या आतलं बीज ओळखतं, म्हणून थोडकेही सापडतात. दुसऱ्या दिवशी डोमाजीभाऊ आणि वनिता बस बदलून एक्स-रेला आले. मीही रजा टाकून गेलो, कोणी बोलावलं नव्हतं तरी. फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ढगाळ डाग. मशीनचा निकाल त्याच दुपारी आला. टीबी आहे, जंतू फार थोडे, नेहमीच्या औषधानं मरणारे.

डोमाजीभाऊंनी वनिताकडे बघितलं. "चाल बाई, औषध सुरू करू. गावाले मी पाहून घेतो."

आणि त्यांनी पाहून घेतलं. टोळीतल्या बायांना स्वतः जाऊन सांगितलं, की हो, आहे टीबी, औषध चालू आहे, ज्याला भीती वाटते त्यानं दवाखान्यात येऊन विचारावं. दोन-तीन जणी खरंच आल्या. त्यातल्या एकीला खोकला होता. तिला डबी दिली, पण खिडकीतून नाही. तोवर मी डॉक्टरबाईंच्या मागं लागून दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, भिंतीच्या आडोशाला, बायांसाठी वेगळी जागा करून घेतली होती. तिथं पाटी मी स्वतः रंगवली, 'थुंकी नाही, बेडका'. खाली बारीक अक्षरात, 'मोठ्यानं खाकरा, लाजू नका, इथं कोणी नाही'. जिल्ह्याचा साहेब म्हणाला, ही काय भाषा? मी म्हटलं, साहेब, तुमच्या भाषेनं डबीत लाळ येते.

सहा महिन्यांनी औषध संपलं तेव्हा वनिता शेवटच्या तपासणीला आली. बांगड्या मनगटावर होत्या. कागद मी डोमाजीभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि खिडकीत डोकं घालून विचारलं, "भाऊ, हे नाई होय का दिसलं नाई होय?"

मी म्हटलं, "दिसलं नाई. पण फोटोबी चांगला हाय, वजनबी वाढलं, डॉक्टरबाईबी बरी झाली म्हणते."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि कागद स्वतःच्या खिशात न ठेवता सुनेच्या हाती दिला. "तुह्याजवळ ठेव."

ती बरी झाली. पण डॉक्टरबाईंनी मला नंतर नवा फोटो दाखवला होता. डाग गेला, व्रण राहिला, आणि तेवढ्या जागेत फुप्फुस आखडलं. मी विचारलं, आधी पकडलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कदाचित." मला खोटा दिलासा देण्याएवढ्या त्या लहान नव्हत्या. ज्या काचेत जिल्ह्यानं कधी चूक काढली नाही, त्याच काचेची ही चूक, आणि ती कुठल्याच तपासणीत सापडणार नाही. म्हणून इथं लिहून ठेवली.

माझ्या निवृत्तीनंतरही वनिताचा दरवर्षी एक फोन येतो, रोवण्याच्या पहिल्या दिवशी, बांधीतूनच. हॅलो नाही, रामराम नाही. आधी एक दणदणीत खाकरणं. मागून बायांचं हसणं आणि म्हाताऱ्या डोमाजीभाऊंचा आवाज, "भाऊले सांग, हे पास हाय का?" मी इकडून ओरडतो, "पहिला नंबर!" माझी सून आतून बघायला येते, की बाबा फोनवर कोणाशी भांडतायत.

मग ती गाणं उचलते. यंदाही उचललं. ओळ निघते तीच, मोकळी, नाल्यापल्याड जाईल अशी, आणि मधेच कुठं तरी दम तुटतो. तिथून पुढं बाकीच्या बाया ओढून नेतात. मग ती धापा टाकत फोनवर येते.

"भाऊ, पूरं आयकू आलं का?"

हो म्हणायला काय जातं? कोणीही म्हणेल. पण 'नाही' आणि 'दिसलं नाही' यातला फरक मला याच बाईनं शिकवला, तिला कसं फसवू?

"अर्धं आलं, बाई," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. "मंग बराबर हाय तुमचं. मी अर्धंच म्हणलं."